सप्टेंबरातला बर्फ आणि माझं ड्रिल मशीन

न्यूझीलंडमध्ये गोठलेल्या तळ्यावर बसून कुणी मासे पकडत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. तरीही कॅनडाहून आलेल्या मेव्हण्याला मी म्हणालो, "पकडतात की! हीप्स! इथल्या भाषेत, ढिगाने!"

दोष शिरीषचा. बायकोचा हा धाकटा भाऊ २०१४ च्या सप्टेंबरात आमच्याकडे वेलिंग्टनला आला आणि आठ दिवस नुसता कॅनडा ऐकवत होता. डोंगर दाखवला, तर "आमच्याकडे याला टेकडी म्हणतात." मला हुडहुडी भरली, तर "भाऊजी, या हवेत आमच्याकडे लोक बनियनवर फिरतात." शेवटी म्हणाला, "आम्ही तळ्यावर ट्रक नेतो, बर्फाला भोक पाडून मासे काढतो. तुमच्याकडे काय आहे?"

माझं डोकंच सणकलं!

"अरे विनय, सप्टेंबर संपत आलाय, इथला हिवाळा सरला," मृणाल म्हणाली. "झाडांना पालवी फुटलीये. बर्फ कुठून आणणारेस?"

"डोंगरात असतो!" मी ओरडलो. (मी ओरडतो तेव्हा मला माहिती नसते, हे मृणालला लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं.)

फेरीबोटीने गाडी साउथ आयलंडला नेली. दोन दिवस तळी बघत हिंडलो. सगळी निळीशार, चमचमती, पोस्टकार्डसारखी. मला संताप येत होता! तिसऱ्या दिवशी डोंगराच्या सावलीत एक छोटं तळं सापडलं आणि ते चक्क गोठलेलं होतं. मी असा छाती काढून उभा राहिलो, जणू त्याला विरजण मीच लावलं होतं.

शिरीष काठावर उकिडवा बसला. बर्फ न्याहाळून म्हणाला, "भाऊजी, हा करडा पडलाय. काठाला पाणीही सुटलंय. सीझनच्या शेवटी बर्फ वरून धड दिसतो, आतून पार ठिसूळ झालेला असतो. यावर जायचं नसतं."

पहिल्यांदाच तो बढाई न मारता, काळजीने बोलत होता. मला त्याचाच जास्त राग आला.

"तुमच्याकडचा होत असेल ठिसूळ. इथला बर्फ वेगळा!" असं म्हणून मी डिकीतून ड्रिल मशीन काढलं. घरातलं. भिंतीला फोटो लावायचं.

शिरीषने त्याच्या टोकाकडे पाहिलं. "याने भोक पाडलंत तर मासा नाही, शेवई बाहेर येईल."

मृणाल हसली. सख्खी बायको! मग मात्र मी काठाचं पाणी ओलांडून तरातरा बर्फावर निघालो.

"विनय, मागे फीर!"

"भाऊजी, निदान आडवे व्हा! सरपटत या!"

"मला शिकवू नकोस!" मी गर्रकन वळलो आणि रागाने पाय आपटला.

पापड मोडावा तसा आवाज झाला आणि मी आत! त्या पाण्याने श्वासच अडकला. ड्रिल बुडालं. मी दोन्ही हातांनी बर्फाची कड धरत होतो, ती बिस्किटासारखी तुटत होती. "वाचवा!" ओरडलो. मग इथे मराठी कुणाला कळणार म्हणून "हेल्प!" ओरडलो. मृणाल रडायला लागली. शिरीष पोटावर पडून माझ्याकडे गळाची काठी सरकवत होता, त्याचा चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर एक जुना ट्रक थांबला. गमबूट घातलेला म्हातारा मेंढपाळ शांतपणे खाली आला.

"किया ओरा," त्याने माओरीत नमस्कार केला. "स्टँड अप, मेट."

मी उभा राहिलो. पाणी मांडीपर्यंत होतं. इतका वेळ मी गुडघ्यांवर बसून बुडत होतो!

मी काठावर आल्यावर त्याने सांगितलं, की या तळ्यावर मासेमारीला नोव्हेंबरपर्यंत बंदी आहे. मग त्याने मला मेंढ्यांच्या वासाचं घोंगडं दिलं. शिरीषने गुपचूप माझे बूट काढले, मोजे पिळले. निदान टोमणा तरी मारायचा! मला इतका संताप आला, की या बहीण-भावाशी आता बोलायचंच नाही, असं मी ठरवलं.

तीन दिवस शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी सहन होईना. नाश्त्याला बशी आपटून ओरडलो, "मी तुमच्याशी अबोला धरलाय, कळतंय का?"

"अय्या, हो?" मृणाल म्हणाली. "आम्हाला वाटलं, घसा बसलाय. शिरीष तर म्हणत होता, किती छान चाललीये ट्रिप!"