वेदीवरच्या हाडविगबाई

कोलोन शहरातल्या भरतकाम करणाऱ्या बायकांत बेलाचा हात कुणी धरू शकत नसे. आईच्या मांडीवर बसून सुई धरायला शिकलेली ही पोर पुढे स्वतःच उस्ताद झाली. चार मुली तिच्या हाताखाली शिकत. नवरा चिलखतं ठोकायचा. घरात एकीकडे घणाचा आवाज, दुसरीकडे बेलाची अखंड बडबड.

एकदा बिअर गाळणाऱ्या हाडविगबाई आल्या. विधवा, पैसेवाल्या, तोंडाच्या फटकळ. त्यांना चर्चच्या वेदीसाठी कापड अर्पण करायचं होतं. मधोमध संत आन्ना, मांडीवर तिची लेक, छोटी मारिया, आणि कोपऱ्यात हात जोडून स्वतः हाडविगबाई.

"हुबेहूब काढ हं," त्यांनी बजावलं. "नाहीतर वर गेल्यावर आन्नाबाई मला ओळखायच्या नाहीत!"

बेलाने ते शब्दशः घेतलं. समोर बसवून तिने बाईंचा चेहरा कापडावर रेखून घेतला आणि मग रेशमात भरला. काम होत आल्यावर बाई बघायला आल्या.

"अगं बाई! ही कोण म्हैस?"

"तुम्हीच की."

"माझ्या दोन हनुवट्या आहेत?"

"तिसरी ओढणीखाली झाकली मी," बेला म्हणाली.

"उसव म्हणते ना!"

"उसवलं तर भोकं दिसतील. मग लोक म्हणतील, बाईंना देवी आल्या होत्या."

हाडविगबाई तणतणत निघून गेल्या. दिवस उलटले, त्या फिरकल्या नाहीत. कापड तसंच पडून. बेलाला चैन पडेना. आपण सुईने खोटं बोललो नाही, हे खरं. पण बाईंचं मन दुखावलं, हेही खरंच होतं. हनुवटीला हात लावणं तिला जमेना. शेवटी तिने सुई घेतली आणि बाईंच्या मागे, त्यांच्या झग्याचा घोळ उचलून धरणारी एक दासी भरली. पोपटाच्या चोचीसारखं नाक, एक डोळा किंचित तिरळा. हाताखालच्या मुली तोंडात ओढणी कोंबून हसू लागल्या. ती बेलाच होती.

मग तिने बाईंना निरोप धाडला. बाई आल्या त्या फुरंगटूनच. कापडावर वाकून पाहिलं, बेलाकडे पाहिलं, पुन्हा कापडाकडे. आणि खो खो हसत सुटल्या.

"मेले, स्वतःलासुद्धा सोडलं नाहीस!"

"तुमच्यासोबत मीही कायमची उभी राहीन. तेवढंच पुण्य."

"राहा बाई. पण बडबड करू नकोस, मला प्रार्थना करायचीय."

आन्नाबाईंच्या सणाला कापड वेदीवर चढलं. पाद्रीबुवांचं प्रवचन चालूच होतं. पण बायकांच्या बाजूला एकच कुजबुज. हाडविगबाई शेजारणींना कोपराने ढोसून सांगत होत्या, "ती बघ, ती मी! अन् मागची ती तिरळी आमची बेला."