माझ्या गुडघ्यासाठी केलेली सायकल

आमच्या ह्यांना कुठलीही गोष्ट सरळ करायची म्हणजे कमीपणा वाटायचा. भिंतीत साधा खिळा ठोकायचा, तरी आधी अर्धा तास भिंतीकडे बघत उभे. आता हे नाहीत, आणि घरातले खिळे मुलगा एका फटक्यात ठोकतो. त्यानेच मला करमत नाही.

तेव्हा आम्ही सुप्याला राहायचो. साल बाहत्तर. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. सायकलवरून वाड्यावस्त्यांवर फिरायचं, गरोदर बायका तपासायच्या, बाळंतपणं करायची, हे माझं काम. बाई सायकल चालवते म्हणून सुरुवातीला लोकांनी तोंडात बोटं घातली. पुढे मी चार दिवस दिसले नाही तर बायकाच निरोप पाठवायला लागल्या. आणि अशात मी ओढ्यातल्या दगडांवर सायकलीसकट आडवी झाले. प्लास्टर निघालं, पण गुडघा पुरता वाकेना. पायडल मारणं बंद.

मोठे डॉक्टर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत फिरती सुरू करा, नाहीतर पारनेरला बदली घ्या. तिथे टेबलावर बसून केसपेपर लिहा." केसपेपर! अहो, वस्तीवरच्या सासवा सुनेला हात लावू द्यायच्या तो फक्त मला, आणि मी तिकडे केसपेपर लिहीत बसू? घरी आल्यावर मी आधी भांडी आपटली आणि मग मोरीत बसून ढसाढसा रडले.

हे बाहेर ऐकत होते. ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळली की तिच्यातली जळकी तार काढायची आणि नवी बांधायची. त्या वर्षी विहिरींनीच तळ गाठला होता, त्यामुळे दुकानात नुसत्या माश्या मारणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी हे नगरला गेले आणि लष्कराच्या लिलावातलं भंगार घेऊन एसटीतून उतरले. त्यात एक मोटर होती आणि एक जीपचा डायनॅमो. औषध फवारायच्या पंपाचं छोटं पेट्रोल इंजिन दुकानात आधीपासून पडलेलं होतंच.

"इंजिन डायनॅमो फिरवेल, डायनॅमो वीज करेल, विजेवर मोटर चालेल आणि मोटर चाक ओढेल," हे मला समजावत होते.

"हा कसला द्राविडी प्राणायाम? इंजिनच लावा की चाकाला!"

"इंजिन सुरुवातीला हिसका देतं. तुझ्या गुडघ्याला हिसका नको. मोटर कशी अलगद उचलते."

कपाळ माझं! मी चहा टाकला.

सायकल तयार झाली. कॅरिअरवर इंजिन आणि डायनॅमो, खाली मोटर, तिची साखळी मागच्या चाकाला. पायडल काढून पाय ठेवायला पत्र्याच्या पट्ट्या लावल्या होत्या. हँडलला एक बटण. सकाळी दुकानासमोर ही गर्दी! ह्यांनी दोरी ओढून इंजिन चालू केलं, मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. मोटर गरगरली, साखळी पळायला लागली, पण सायकल जागची हलेना. उलटं पायडल मारल्यावर करतं तसं मागचं फ्रीव्हील नुसतं कटकट कटकट. मोटर उलटी फिरत होती.

"दोन वायरी बदला, मालक!" गर्दीतले सगळेच ओरडले. विहिरीवरची मोटर उलटी फिरली की दोन वायरींची अदलाबदल करायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ह्यांनीही तेच केलं. बटण दाबलं, पुन्हा कटकट. परत बदलल्या, परत तेच. लोक पोट धरून हसायला लागले. "बाई, मागं तोंड करून बसा, मंजे फुडं जाल!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात ह्यांनी स्वतःच्या डोक्यावर टपली मारली. ही विहिरीवरच्या नव्हे, जीपच्या जातीची मोटर. बाहेरून वायरी कितीही उलटसुलट करा, ही आपली त्याच बाजूला फिरणार. आतल्याच तारांची टोकं बदलावी लागतात. सगळं आयुष्य विहिरीवरच्या मोटरींत गेलेलं, त्यामुळे हात आपोआप तिकडेच गेला. ह्यांनी तिथेच रस्त्यात बसून मोटर उघडली.

ती बंद करत होते, इतक्यात माळावरच्या वस्तीवरून एक माणूस धापा टाकत आला. "बाई, चला. माज्या बायकुला लई कळा येत्यात. आई म्हन्ती, बाईच पायजे."

मी पिशवी अडकवली आणि बसले. बटण दाबलं, आणि काय सांगू, सायकल खरंच अलगद निघाली! मागे टाळ्या, शिट्ट्या. हे शेजारून आपल्या सायकलवर, हत्यारांची थैली खांद्याला. मला हसू आवरेना.

माळाचा चढ लागला आणि वास आला. मोटरीच्या तारांवरचं वार्निश जळल्याचा. तो वास ह्यांच्या आधी कुणाला कळणार?

"थांब! मोटर तापली. जळेल!"

मी बटण सोडलं. वर वस्तीतून बाईचं ओरडणं ऐकू येत होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. मोटर जाळून आणणाऱ्या शेतकऱ्याला ह्या माणसाने कधी शिव्या दिल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"जळू दे," हे म्हणाले. "चल तू."

वस्तीच्या अंगणात पोचलो तेव्हा खालून धूर येत होता. बाळ अडून बसलं होतं. घाम फुटला मला. पण सुटली बाई, देवाची कृपा. मी हात धुऊन बाहेर आले, तर हे लिंबाखाली मांडी घालून बसलेले, पुढ्यात उघडी मोटर, काळी ठिक्कर.

"मुलगी झाली," मी म्हटलं. "दोघी ठीक आहेत. पण ही तर गेली हो."

ह्यांनी मान वर न करता विचारलं, "उद्याची फिरती कुठल्या वस्तीवर आहे? चढ किती, तेवढं सांग. त्या हिशेबाने जाड तार बांधतो."

मला एकदम रडू फुटलं. ह्यांना वाटलं, गुडघा दुखतोय. हातातली मोटर टाकून हे उठले आणि त्याच काळ्या हातांनी माझा गुडघा चाचपायला लागले.