नंदीचा दुसरा कान

गुरुवारी पूर्वाचा मेसेज आला. आठ दिवसांच्या अबोल्यानंतर. 'शनिवारी चार वाजता, बदलापूर, नदीच्या पुलाजवळ. कॉलेज का सोडलंस ते खरं सांगणार असशील तरच ये.'

धंदा शिकायचाय म्हणून सोडलं, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. पूर्वाला, आईला, आणि उल्हासनगरात ज्यांच्या दुकानात मी जीन्सची बटणं विकतो त्या सिंधी शेठनाही. खरं कारण वेगळं होतं. आठ दिवस झोप नव्हती.

आई म्हणाली, "तोंड पाडून बसू नकोस. अंबरनाथला शिवमंदिरात जाऊन ये. पण नीट माग हं, देवावर डाफरू नकोस." शेठ अर्धी सुट्टी देताना म्हणाले, "पुट, बेटा, पूजा करने जा रहा है या झगड़ा करने?"

शनिवारी स्कूटी काढली. तुम्ही जाणार असाल तर सकाळी जा. दुपारी फरशी अशी तापते की प्रदक्षिणा आपोआप धावत होते. बाहेर फुलवाल्या मावशींकडून बेल घेतला की चपला त्या सांभाळतात. भिंतींवरची शिल्पं बघायला तासभर तरी ठेवा. गाभारा खाली आहे, पायऱ्या ओल्या असतात, मोबाईल खिशात टाकून उतरा.

खाली गारवा होता. मी हात जोडून म्हणालो, "सगळ्यांना सुखी ठेव, मला बुद्धी दे." शाळेचा फॉर्म भरल्यासारखं वाटलं. वर आलो, नंदीजवळ थांबलो.

नंदीच्या एका कानात मनातलं सांगायचं आणि दुसऱ्या कानावर हात ठेवायचा, म्हणजे सांगितलेलं बाहेर पडत नाही. मी कान सोडून दोन्ही हातांनी शिंगं धरली, कोणाची कॉलर धरावी तशी. सुरुवात हळू केली. मग डोकं सटकलं.

"दोन विषय गेले तेव्हा तू कुठे होतास? धंदाबिंदा काही नाही, मार्कशीट बघून घाबरलो मी! बाथरूममध्ये रडलो आणि पळून आलो! आता पूर्वा पण चालली. तुझं काय, खाली थंडगार बसलायस!"

मागून आवाज आला, "अरे बाळा, दुसरा कान झाक की. सगळं तिकडून बाहेर येतंय."

वळून बघतो तर दहा-बारा जणांची रांग.

"कुठले दोन विषय?" एका आजोबांनी विचारलं.

"अकाउंट्स आणि इकॉनॉमिक्स!" मी अजून तापलेलोच.

"अकाउंट्स अवघडच," आजोबा रांगेला म्हणाले.

मग मात्र लाज वाटली. मागे उभ्या काकूंना म्हटलं, "सॉरी. देवाशी असं बोलायला नको होतं."

"का नको?" काकू म्हणाल्या. त्या तिथल्याच बुवापाडा वस्तीतल्या. "मी सहा महिने याला सांगतेय, सगळं छान चाललंय. तिकडे नवऱ्याची कंपनी बंद, घरात कोणाशी बोलत नाही तो. छान म्हटल्यावर हा कशाला लक्ष घालेल? सरक."

त्यांच्या एका हातात नारळ, दुसऱ्यात पिशवी. म्हणून नंदीचा दुसरा कान मी झाकला. त्या वाकल्या आणि एवढंच म्हणाल्या, "दमले रे मी." मला ऐकू आलं. माझे कान कोण झाकणार?

अंबरनाथहून बदलापूरला अर्धा तास धरा, खड्ड्यांचा वेगळा. पूर्वा पुलाजवळ जांभळं खात उभी होती.

"धंदा..." मी सुरू केलं. थांबलो. मग नंदीला जे सांगितलं ते सगळं सांगितलं, फक्त शिंगं न धरता.

तिने बी थुंकली. "आणि मी आठ दिवस समजतेय, तुला दुसरी कोणी भेटली."

"मला? तोंड बघ माझं!"

ती हसली. जीभ जांभळी. "हसले म्हणजे माफ केलं असं नाही. आधी परीक्षेचा फॉर्म भर. आईला सांगितलंस?"

"नाही."

"नंदीला माहीत, मला माहीत, रांगेला माहीत, आणि आईला नाही? वा रे वा!"

घरी आलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती. "नीट मागितलंस ना?"

मी तिच्या एका कानावर हात ठेवला आणि दुसऱ्यात सगळं सांगून टाकलं.

"अरे, कान फुटेल माझा," तिने हात झटकला. "मार्कशीट गादीखाली लपवलीस. या घरात गादी उन्हात कोण घालतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते."

मी तिच्याशेजारी बसून खडे वेचू लागलो. गाभाऱ्यात थंडगार बसलेला तो आठवला. मार्कशीट कुठे आहे, हे त्यालाही माहीत असणारच.