समोरून उघडणारं मशीन

ड्रायव्हरकाकांनी कपडे धुण्याचं मशीन घेतलं तेव्हा काकू घरात नव्हत्या. म्हणजे बाजारात किंवा शेजारी गेल्या होत्या असं नव्हे. त्या लेकीकडे परदेशी गेल्या होत्या, तिच्या बाळंतपणासाठी. बाळंतपण उरकलं, नात रांगायला लागली, चालायला लागली, बोबडं बोलायला लागली, तरी काकू तिकडेच. लेक आणि जावई दोघंही नोकरीवर, नातीला आजी कुशीत असल्याशिवाय झोप नाही. यात दोष कोणाला द्यावा? कोणालाच देता येत नव्हता, आणि म्हणूनच काकांना कुरकुर करायचीही सोय नव्हती.

काका आमच्या समोरच्या दाराचे. त्यांचा सगळा जन्म लांब पल्ल्याची बस चालवण्यात गेला. निवृत्त झाले तरी खुर्चीत बसताना दोन्ही हात पुढे असे धरायचे की मध्ये स्टिअरिंग आहेसं वाटावं. बोलणं अगदी बेताचं. "यांनी अख्खा संसार 'बरं' या एका शब्दावर केला," असं काकू म्हणायच्या, आणि काका त्यावरही "बरं" म्हणायचे.

एक दिवस ते माझ्या दाराशी येऊन उभे राहिले.

"बाई, जरा दुकानात येता का सोबत? मशीन घ्यायचंय धुण्याचं. ती माणसं भराभर बोलतात, मला पुढचं ऐकू येईपर्यंत मागचं विसरायला होतं."

शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही समजावून सांगायला बोलावलं नव्हतं. मी चपला घातल्या.

दुकानात एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं विचारलं, "काका, वरून उघडणारं दाखवू की समोरून?"

"समोरून," काका लगेच म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "लेकीकडे तसलंच आहे. हिला आता त्याची सवय झाली असेल. परत आल्यावर हातानं धुवायला लागलं तर तिला वाटेल, कशाला आले."

तेव्हा मला कळलं की हे मशीन कपड्यांसाठी नव्हतंच.

मुलगी प्रामाणिक होती. म्हणाली, समोरून उघडणारं पाणी कमी घेतं, कपडा कमी झिजवतं, पण वेळ फार खातं. आणि एकदा सुरू झालं की दाराला कुलूप. एखादा मोजा बाहेर राहिला तर राहिला.

"राहू दे," काका म्हणाले. "सुटलेली गाडी मीसुद्धा कोणासाठी थांबवत नव्हतो."

"घरात माणसं किती?"

साधा प्रश्न. पण काकांनी समोरच्या एका मशीनच्या गोल काचेत पाहिलं, जणू उत्तर तिथं लिहिलंय.

"दोन," ते म्हणाले.

मुलीनं दोन माणसांचं मशीन दाखवलं. काकांना मोठं हवं होतं. जाड पांघरूण मावेल का, पाहुण्यांच्या चादरी मावतील का, लहान मूल असलं तर कपडे किती निघतात, असं सगळं विचारून झालं. शेवटी पाणी आतच तापवणारं, चांगलं पोटभर मोठं मशीन ठरलं. बाथरूमच्या दारातून ते जाईल की नाही हे काका घरूनच मोजून आले होते.

मशीन बसवायला कंपनीचा माणूस आला. त्यानं मागचे चार लांब बोल्ट काढून काकांच्या हातात दिले. "हे प्रवासापुरते असतात. काढले नाहीत तर मशीन घरभर फिरेल." काकांना ते फार पटलं. मग त्यांनी स्वतः पेला अर्धा पाण्यानं भरून मशीनवर ठेवला आणि मशीन भरधाव पिळायला लागलं तेव्हा खाली बसून पेल्याकडे बघत राहिले. पाणी हललं की एक पाय थोडा आवळायचा, पुन्हा बघायचं. "माझ्या गाडीत मागच्या सीटवरच्या माणसाचा चहा सांडायचा नाही," ते म्हणाले. कंपनीचा माणूस घड्याळाकडे बघत होता. पेल्यातलं पाणी स्थिर झालं तेव्हाच त्याची सुटका झाली.

आता अडचण अशी की एकट्या माणसाचे कपडे ते किती? दोन पँटी, चार शर्ट, बनियन, टॉवेल. एवढ्यानं त्या मशीनचा तळसुद्धा झाकत नव्हता. आणि काकांचा डेपोतला धर्म असा की गाडी उभी ठेवली तर मरते आणि रिकामी पळवली तर पाप लागतं. म्हणून ते जिन्यात उभे राहून कपडे गोळा करायला लागले. माझे पडदे गेले. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या चादरी गेल्या.

"काका, पास काढायला लागेल का?" नर्सबाईंनी विचारलं.

"निवृत्तांना आणि नर्सना मोफत," काका म्हणाले. "पण रंगीत सामान वेगळं. त्याला पुढच्या गाडीनं पाठवा."

"आणि अभ्रे राहिलेत माझे दोन."

"आत जागा नाही! दारात लटकायचं नाही!"

काका इतकं बोलतात हे बिल्डिंगला नव्यानंच कळत होतं.

एकदा नर्सबाई आपल्या चादरी न्यायला आल्या तर दोरीवर काकूंचा फुलाफुलांचा गाऊन वाळत होता. शेजारी काकूंचाच टॉवेल, काकूंची शाल.

"अगंबाई! काकू आल्या?"

"नाही," काका दोरीकडे पाठ करून म्हणाले. "कपाटात पडून राहिलं की वास येतो कपड्यांना."

नर्सबाई एरवी फार बोलक्या. त्या दिवशी चादरी घेऊन गुपचूप गेल्या. ते कपडे काका पुन्हा नीट घडी करून कपाटात ठेवायचे, आणि पुढच्या खेपेला न वापरलेलेच पुन्हा धुवायचे.

संध्याकाळी काकूंचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. पूर्वी हा फोन फार लवकर संपायचा. जेवलात का, जेवलो. पाऊस आहे का, नाही. बरं. बरं. मशीन आल्यापासून मात्र बोलायला विषय मिळाला. काका फोन मशीनसमोर धरायचे आणि काकू तिकडून सांगायच्या, कारण त्या तिकडे रोज तसलंच मशीन लावत होत्या.

"अहो, साबण किती घातला? फेस बघा केवढा! या मशीनला फेस नको असतो. निम्मा घाला."

"बरं."

"आणि झाल्यावर दार लावून टाकता की काय? उघडं ठेवायचं. नाहीतर आतल्या रबराला काळं धरतं. रबराची घडी बोटानं उलटी करायची आणि कोरड्या फडक्यानं पुसायची. केस अडकतात तिथं."

"माझ्या डोक्यावर केस कुठायत?"

"मग नर्सबाईंचे अडकतील!" आणि काकू तिकडे हसायच्या. मागून नात विचारायची, आजी, आजोबा गोल खिडकीत का बसलेत?

एकदा सकाळी मी पडदे न्यायला गेले तेव्हा काका बाथरूममध्ये पालथे पडून खालची छोटी झडप उघडत होते. ताटली लावून साचलेलं पाणी काढलं, फिल्टर फिरवून बाहेर घेतला, त्यातला दोऱ्यांचा गोळा, एक बटण, नर्सबाईंची पिन काढली, जुन्या टूथब्रशनं घासून फिल्टर पुन्हा बसवला. सगळं इतकं सराईतपणे की कोणी शिकवायची गरजच नव्हती. साबणाचा कप्पासुद्धा ओढून, धुऊन उन्हात ठेवलेला होता.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते तेव्हा काकूंचा फोन आला. काका अगदी भाबड्या तोंडानं विचारत होते, "अगं, ते फिल्टर का काय म्हणतात, ते कुठं असतं?"

काकू उत्साहानं सांगायला लागल्या. खाली उजव्या हाताला. नाही, तिथं नाही, अजून खाली. आधी ताटली लावा बरं, नाहीतर घरभर पाणी होईल. काका "असं का?", "हो का?" करत ऐकत होते. मी पडद्यांच्या घड्या घालत मान खाली ठेवली. माणूस मुद्दाम चुकीचं उत्तर देतो ते कधीकधी बाईंनी जवळ येऊन समजावावं म्हणून, हे मी वर्गात पुष्कळ वेळा पाहिलेलं आहे.

पण काकांचा सगळा बेत उलटायचा होता.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि बसलेच. हात गुडघ्यांवर, स्टिअरिंग नाही.

"हिचा फोन होता," ते म्हणाले. "म्हणाली, तुमचं काय बाई झकास चाललंय. आख्ख्या बिल्डिंगचे कपडे धुताय. मला वाटत होतं माझ्यावाचून तुमचं अडेल. आता माझा जीव भांड्यात पडला. लेक अजून वर्षभर थांब म्हणतेय, तर मी थांबते म्हणते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणालो."

मला राग यावा की रडू, कळेना.

"मी मशीन आणलं ते तिनं यावं म्हणून," काका म्हणाले. "आणि ते मेलं तिला सांगतंय, येऊ नकोस, इथं सगळं ठीक आहे."

"काका, एक विचारू? इतक्या दिवसांत तुम्ही त्यांना एकदा तरी विचारलंत, की तू कधी येतेस?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले.

मग त्यांनी सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरच्या घरात निघणाऱ्या माणसाला 'कधी येणार' असं विचारत नाहीत. विचारलं की ते शब्द त्याच्या पायात जाऊन बसतात, आणि तो पाय ॲक्सिलरेटरवर असतो. वाट बघणारं कोणी आठवलं की माणूस वळणावर घाई करतो. डेपोतल्या सगळ्या बायकांना हे माहीत. काकूंनीही कधी विचारलं नाही. डबा हातात द्यायच्या, आणि 'नीट जा' एवढंच. काका कधी दुसऱ्या दिवशी यायचे, कधी चौथ्या. दार वाजायच्या आत उघडलेलं असायचं.

"तिनं मला जन्मभर कधी विचारलं नाही," काका म्हणाले. "मग मी तिला कुठल्या तोंडानं विचारू?"

"उद्या विचारा," मी म्हटलं. शिक्षकाच्या जातीला दुसरं काय येतं? गृहपाठ दिला.

दुसऱ्या दिवशी मला फोनच्या वेळी तिथं हजर राहायचं नव्हतं. पण काकांनी माझी चादर मुद्दाम शेवटच्या खेपेत घातलेली होती, आणि त्या मशीनच्या दाराला कुलूप. मी बाहेरच्या खोलीत बसले. मशीन पिळायला लागलं होतं. त्या घरघरीतून आवाज ऐकू येत होते.

काकूंनी सवयीनं विचारलं, "आज काय घातलंय आत?"

"चादर आहे बाईंची," काका म्हणाले. मग बराच वेळ नुसतं मशीनच बोलत होतं. "अगं," काका म्हणाले. "कधी येतेस?"

मला वाटलं फोन तुटला.

"काय म्हणालात?"

"कधी येतेस, म्हटलं."

"आत्ता विचारताय होय?" काकूंचा आवाज चढला होता आणि भिजलेलाही होता. "इतके दिवस मी इथं रोज वाट बघते, आज विचारतील, उद्या विचारतील. तुम्ही आपलं रबर आणि फिल्टर!"

"तू तरी मला कधी विचारायचीस का?"

"मी विचारत नव्हते कारण तुम्ही गाडीवर होता! मी काय गाडी चालवतेय इथं?"

मशीनचा वेग उतरत उतरत थांबला आणि कुलूप सुटल्याचा टक् आवाज झाला.

"मी अजून लेकीला हो म्हटलेलं नाही," काकू म्हणाल्या. "पण पिल्लाला एकदम टाकून नाही हो येता येणार. तिला शाळेची सवय लागू दे."

"लागू दे," काका म्हणाले. "मी आहे."

"आणि ते मशीन. मी केव्हापासून बघतेय, किती खाली बसवलंय! इथं वाकून वाकून माझी कंबर गेली. तिथं आल्यावर मला ते जमायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! खाली लोखंडी स्टँड करून घ्या की. उंच."

काका बाहेर आले तेव्हा माझी ओली चादर त्यांच्या हातात होती आणि तिचं एक टोक जमिनीवर लोळत होतं. मी म्हटलं, "अहो, दोरीवर घाला ती." ते "बरं" म्हणाले आणि तसेच उभे राहिले.

वेल्डर सकाळी आला. धिप्पाड, कानामागे खडू खोचलेला. मशीनभोवती फिरून म्हणाला, "उंचावर ठेवलं की हे थरथरणार काका. पाय जाड करतो, खाली रबर देतो. उंची किती ठेवू? फूटभर? दीड?"

काकांनी मशीन दोन पावलं बाजूला ओढलं. त्या मोकळ्या झालेल्या जागेकडे पाहिलं. मग उजवा हात पुढे केला, तळवा वर, जणू तिथं कोणी उभं आहे आणि ते त्या माणसाच्या कोपराला आधार देताहेत. हात जरासा खाली घेतला. पुन्हा किंचित वर.

"दाराची कडी इथं यायला हवी," ते म्हणाले. "हिचा हात इथं येतो."

"नक्की? एकदा बनवलं की बदलता नाही येणार."

"नक्की."

"मग हलू नका." वेल्डर गुडघ्यावर बसला, जमिनीपासून तळव्यापर्यंत टेप लावली, भिंतीवर खडूनं रेघ मारली. मग कडीची उंची मोजून मनातल्या मनात वजाबाकी केली आणि उठला.

"झालं काका. घेतलं माप."

काकांनी मान हलवली. हात अजून तिथंच होता.