शिलाईत गेलेला कान

येरेमिया न्थेंडांचा चेहरा छापलेलं कापड शिवायचे दोन नियम म्पालेझीच्या बाजारातला प्रत्येक शिंपी जाणतो. चेहरा बैठकीवर येता कामा नये आणि चेहऱ्यावरून कात्री जाता कामा नये. नाचिसाले बाईंना दुसरा नियम त्यांच्या नवऱ्यामुळे कळला. त्याला आता चौतीस वर्षं झाली.

तेव्हा न्थेंडा राष्ट्राध्यक्ष होते. पक्षाच्या सभेला बायकांनी त्यांच्या चेहऱ्याचं कापड नेसूनच यायचं, असा दंडक होता. वॉर्डाच्या अध्यक्षीण ग्वाझा बाई अंगाने थोर, आणि त्यांनी आणलेलं कापड अपुरं. लामेकीने, म्हणजे नाचिसालेंच्या नवऱ्याने, जोड देऊन झगा बसवला. पाठीवरचा चेहरा अखंड आला, पण कडेचा दुसरा चेहरा कापला गेला आणि त्याचा अर्धा कान काखेच्या शिलाईत गेला. सभेत ग्वाझा बाईंनी घोषणा द्यायला हात वर केला तेव्हा तो कोणाला तरी दिसला. मंगळवारी करड्या रंगाची गाडी आली. "इस्त्रीतले निखारे विझू देऊ नकोस, तासाभरात येतो," असं सांगून लामेकी गाडीत बसला. त्यानंतर त्याला कोणी पाहिलं नाही.

नाचिसालेंच्या कुळात नवऱ्याची कबर ठाऊक नसेल तर विधवेचं सुतक फिटत नाही. केस उतरवायचे नाहीत, डोक्याचं काळं फडकं सोडायचं नाही. ती तशीच मेली तर फडकं थोरल्या मुलीच्या डोक्यावर जातं. थोरली मलिटा एकेचाळीस वर्षांची आहे, बंदरावर सुकी मासळी विकते. गेल्या वर्षी नाचिसालेंचे पाय सुजले. दवाखान्यातल्या बाईने हृदय मोठं झाल्याचं सांगितलं. "माणसाचं हृदय मोठं असावं म्हणतात," मलिटा म्हणाली. "असावं," नाचिसाले म्हणाल्या, "पण मग तुझ्या डोक्याचं माप घेऊन ठेवावं लागेल."

मधल्या काळात न्थेंडा निवडणूक हरले, दोन वर्षं शेतावर गप्प बसले आणि मग जगाला सापडले. एका देशातलं यादवी युद्ध त्यांनी दोन्ही बाजूंना जेवायला बसवून मिटवलं. दुसरीकडे सत्यशोधन आयोगाचे अध्यक्ष झाले. विद्यापीठांनी त्यांना मानद पदवीचे झगे घातले, पदकं आली, त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान निघालं. परदेशात त्यांच्या नावाच्या दोन सडका आहेत. म्पालेझीत त्यांच्या नावाचा तुरुंग होता. त्याला आता खतांचं गोदाम म्हणतात.

त्या सत्यशोधन आयोगाचे अध्यक्ष म्हणून न्थेंडांनी केलेलं भाषण नाचिसालेंनी मशीनवर बसून रेडिओवर ऐकलं. "बाईला तिच्या माणसाची कबर दाखवा," आवाज सांगत होता, "त्याशिवाय कोणत्याही देशाला शांतता मिळणार नाही." त्यांनी मशीनचं पायडल थांबवलं. भाषण संपल्यावर बातम्या लागल्या, तेव्हा रेडिओ बंद करून त्या पुन्हा शिवायला लागल्या.

म्हणून प्रतिष्ठानाची माणसं ऐंशीव्या वाढदिवसासाठी चाळीस झग्यांचं कापड घेऊन आली, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. दोन मिनिटांची भेट.

शेजारच्या दुकानातली फाइनेस हसत सुटली. इथे मानाने बाईला आमायी म्हणतात, पुरुषाला बांबो. "आमायी, सगळे चेहरे बैठकीवर लाव. बायका दिवसभर खुर्च्यांवर बसतील, साहेबांना बरं गरम वाटेल."

"त्याने मला काय मिळेल?"

"मजा."

"मजा तुला. मला पत्ता हवाय."

भेट शेतावरच्या पडवीत झाली. न्थेंडांच्या अंगाला गोड अत्तराचा वास होता. त्यांनी नाचिसालेंचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि सोडल्यावर त्यांच्या सचिव बाईने ओल्या कागदाने न्थेंडांची बोटं एकेक करून पुसली. हे सगळ्यांसमोर, बोलता बोलता.

"काय हवं, आमायी? विजेवरचं मशीन देऊ?"

"माझा माणूस कुठे पुरलाय ते सांगा, बांबो. लामेकी शिंपी. कानाची गोष्ट."

"कानाची?" ते सचिव बाईकडे बघून हसले. "ते दिवस वेगळे होते. खालची माणसं अति करायची."

"रेडिओवर तुम्ही म्हणालात, कबर दाखवा."

"तो वेगळा देश, आमायी." त्यांनी जरा विचार केला. "आपल्यात रीत आहे ना? प्रेत नसेल तर केळीचा खुंट पुरतात. पुरा. बोकड माझ्याकडून."

सचिव बाईने लगेच वहीत लिहून घेतलं. वाढदिवसाला परदेशी पाहुणे असतील, त्यांच्यासमोरच होऊ दे. फार सुंदर दिसेल, ती म्हणाली.

गावचा मुखिया दुसऱ्याच दिवशी समजूत घालायला आला. नाचिसाले म्हणाल्या, येते. मलिटाला वाटलं आई वाकली. ती चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "त्याच्या बोकडावर बाबाला घालवणार?"

"बोकड तू खाऊ नकोस. मला एक विचारायचंय, ते तिथेच विचारता येतं."

वाढदिवसाला मैदानात मांडव पडला. चाळीस बायका चाळीस झग्यांत, चेहरा बरोबर पाठीच्या मध्यावर, एकही तिरका नाही. शिलाईत खोट काढायला जागा नव्हती. मांडवाच्या कडेला खड्डा खणलेला, शेजारी पांढऱ्या कापडात गुंडाळलेला केळीचा खुंट. पाहुणे पुढच्या रांगेत, गळ्यात ओळखपत्रं, हातात थंड पाण्याच्या बाटल्या. खड्ड्याशी उभा होता कबरीचा मानकरी, म्हातारा चिकोपा. पुरण्याच्या बाबतीत त्याच्या शब्दापुढे मुखियाचंही चालत नाही.

खुंट पुरताना एक गोष्ट चुकवता येत नाही. मेलेला ज्याच्या हाती शेवटचा होता, त्याने जागेचं नाव घेऊन हाक मारायची: अमक्या नदीतून ये, अमक्या रानातून ये. हाक नाही तर नुसती केळ पुरली. प्रतिष्ठानाच्या माणसांनी बोकड, मांडव, बँड सगळं पाहिलं होतं. हे कोणी विचारलंच नव्हतं. शहरात वाढलेल्यांना ठाऊक नव्हतं, आणि गावातलं कोणी सांगायला गेलं नव्हतं.

चिकोपाने विचारलं, "हाक कोण मारणार?"

नाचिसाले न्थेंडांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तो शेवटचा तुमच्या हाती होता, बांबो. तुम्ही मारा. जागा सांगा."

 पाहुण्यांना भाषांतर सांगणारा पोरगेला दुभाषा एकदा न्थेंडांकडे आणि एकदा सचिव बाईकडे बघत राहिला. मग इंग्रजीत म्हणाला, ही माउली म्हणते, माझा माणूस मी आपल्या हाती सोपवला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने डोळे टिपले.

न्थेंडा उठले. चाळीस वर्षं सभा गाजवलेला आवाज होता तो. "लामेकी," ते म्हणाले, "देवाच्या मांडीवरून ये."

चिकोपाने फावडं जमिनीत रोवलं. "ही जागा नाही."

"म्हाताऱ्या, पुढचं कर," मुखिया दबक्या आवाजात म्हणाला.

"तू पुर. मी नाही. देवाच्या मांडीवर गाडी कुठून जाते ते साहेबांना विचार."

बँडवाल्याला कोणीतरी खूण केली आणि वाद्यं सुरू झाली. न्थेंडा क्षणभर नाचिसालेंकडे बघत उभे होते. त्यांना जागा आठवत होती की नाही, हे त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. वैताग मात्र कळला. मग सचिव बाईने ओला कागद पुढे केला. या वेळी त्यांनी कोणाला हात लावलाच नव्हता, तरीही बोटं पुसून घेतली. पाहुणे जेवायला गेले. बोकडाचं मटण चविष्ट होतं असं त्यांच्यातल्या दोघांनी मुद्दाम येऊन सांगितलं. खुंट तिथेच राहिला. संध्याकाळपर्यंत शेळ्यांनी पांढरं कापड बाजूला ओढून तो निम्मा खाल्ला.

तीन महिन्यांनी प्रतिष्ठानाचा वार्षिक अहवाल आला. जाड, गुळगुळीत कागद. मुखपृष्ठावर न्थेंडा आणि त्यांच्यासमोर काळ्या फडक्यातल्या नाचिसाले. खाली छापलं होतं: क्षमा. फाइनेसने वाचून दाखवलं आणि थुंकायला दुकानाबाहेर गेली.

बाजारात ही गोष्ट ऐकून मी त्यांच्या दुकानात गेलो तेव्हा नाचिसाले कापायच्या फळीपाशी बसल्या होत्या. पाय टबात, पाण्यात मीठ. ब्लाउजचे बेतायचे कागद इथले शिंपी जुन्या वर्तमानपत्रांचे करतात. ते एका हंगामात फाटतात. अहवालाचा कागद टिकेल, त्या म्हणाल्या. त्यांनी मुखपृष्ठ सोडवून सुलटं ठेवलं, चेहऱ्यावरच खडूने बाही आखली, आणि कात्री लावली. आधी कान गेला, मग गाल. चौतीस वर्षांत या चेहऱ्यावरून त्यांची कात्री पहिल्यांदाच चालत होती, पण हात कुठे अडखळला नाही.

"कोणाचं माप?" मी विचारलं.

"मलिटाचं."

फळीच्या टोकाला चार हात काळं कापड घडी घालून ठेवलं होतं.