टस्कनीच्या चढावरचं माझं 'नको'

मंडळी, अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या सपाट ट्रेलवर उन्हाळाभर सायकल चालवली म्हणून मी स्वतःला इटलीसाठी तयार समजत होते. इथे एक टेकडी उतरली की पुढची उभीच.

सकाळी नवऱ्याने विचारलं होतं, "तुलाही माझ्यासारखी बॅटरीवाली ई-बाईक घेऊ का?" मी नको म्हणाले. त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

दुपारपर्यंत पाय गळून गेले. मी आणि माझी लेक ईशा एका घरासमोर सावलीत टेकलो. आतून एक आजी पाव, टोमॅटो आणि चीजचं ताट घेऊन आल्या. ईशाने लगेच उचललं. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, तरी मी हसून हातानेच 'नको, नको' केलं. आपल्यात पहिल्यांदाच हो कोण म्हणतं? मी आग्रहाची वाट बघत बसले. आजी ताट घेऊन आत गेल्या.

"मॉम, यू सेड नो," ईशा खात खात म्हणाली.

शेवटचा चढ सायकल ढकलत चढले. वर नवरा निवांत कॉफी पीत बसला होता. "उद्या तरी ई-बाईक..." एवढंच तो बोलला, आणि मी हो म्हणून मोकळी झाले.

इतकी वर्षं अमेरिकेत राहून हे मला आज जमलं. तुम्हाला जमतं का?