चाचांचा पेचकस

चाचा कुठल्याही इंजिनाला आधी हात लावत नसत. लाकडी मुठीचा आपला लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, काढायचे. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक बडबडत असलं की डाव्या हाताचा पंजा वर. "पहले सुन, मग खोल!" तुम्ही कधी चिकलठाण्यात त्यांच्याकडं गाडी नेली असेल, तर तो पंजा तुम्हीही पाहिला असेल.

माझं लोखंड कातायच्या लेथचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागूनच. वडील गेल्यावर मशीन मी चालवायला घेतलं, तेव्हा भल्याभल्यांनी येऊन सल्ले दिले, "बाईमाणसाचं काम नाय हे." चाचांनी सल्ला दिला नाही. एक घासलेला बुश, गाडीतलं नळीसारखं धातूचं कडं, आणून टेबलावर ठेवला. "ऐसाच नवा दुपारपर्यंत पाहिजे, बेटा." शेजारचा वेल्डर फिदीफिदी हसला, तर त्याच्यावर डाफरले, "मशीन पूछती क्या, कोण उभं हाय म्हणून?" तो बुश मी दोनदा बिघडवला. तिसऱ्यांदा बसला.

मग विजेच्या स्कूटर आल्या. एकदा क्रांती चौकात अशीच एक मागून आली आणि चाचांना चाटून गेली. परत आले ते लालबुंद होऊन. "आवाजच नाय! गाडी हाय का भूत?"

"चाचा, तिच्यात पिस्टनच नसतो. मोटार नुसती फिरते."

त्यांनी हातातला पेचकस उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "तो फिर आपण ऐकायचं काय?"

खरी गोष्ट मला त्याच आठवड्यात कळली. मागून तीन हाका मारल्या, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. कानांचे पडदे कामातून चालले होते. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, त्यांनी मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "कान जायच्या आत विजेच्या गाडीत पिस्टन घालायचा, बेटा. एकदा तिला बोलतं करायचं अन् ऐकायचं. बस."

माझ्या दुकानाच्या शटरवर त्यांनी खडूनं चित्र काढलं. पिस्टनच्या जागी मोठं लोहचुंबक. सिलिंडरभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. तारेत वीज एका बाजूनं सोडली की पिस्टन आत ओढला जाणार, उलटी केली की बाहेर फेकला जाणार, आणि त्या ये-जा करण्यावर चाक फिरणार. इंजिनीअरिंग कॉलेजचे एक सर गाडी दुरुस्तीला आले होते. चित्र पाहून म्हणाले, "मिस्त्री, याला वीज जास्त लागेल. फिरणारी मोटारच बरी."

"हौ, मालूम है. फिरणारी तुम्ही करा, सर. ये मैं करता." शटर पुसायचं नाही, अशी मला ताकीद मिळाली. दोन महिने मी ते पूर्ण वर गुंडाळत नव्हते, वाकूनच आत-बाहेर करायचे, चित्र गुंडाळताना घासून पुसलं जाईल म्हणून.

आता आमची फजिती ऐका. सिलिंडर मी बनवला. असा गुळगुळीत, की आत तोंड पाहावं. चाचांनी बिस्मिल्ला म्हणून चुंबकाचा पिस्टन आत सरकवला आणि खट्! भिंतीला जो चिकटला, तो हलेचना. लोखंडाचा सिलिंडर! दोघांनी जन्मभर लोखंडाचेच सिलिंडर पाहिलेले. चुंबकाला लोखंड चालणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं, आम्हाला दोघांना नाही कळलं. लाकडी ठोकळ्यानं पिस्टन ठोकून काढताना चाचा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग मी पितळेचा केला. त्याला चिकटला नाही, पण काकवीत चमचा बुडावा तसा हळूहळू खाली गेला. "ये तो ब्रेक झाला, बेटा!" आत चुंबक हललं की पितळेत वीज उमटते आणि तीच त्याला अडवते, हे नंतर कळलं. शेवटी नायलॉनचा जाड रॉड आणला आणि आतून पोखरला. त्यात पिस्टन सुळकन गेला.

या सगळ्यात चाचांचे कान जायचे थांबले नाहीत. आधी मी ओरडून बोलायचे, मग खडूनं फरशीवर लिहायला लागले.

इंजिन चालू झालं, ती सकाळ होती. टक-टक, टक-टक. चाक फिरायला लागलं. वेल्डर धावत आला, सगळी गल्ली गोळा झाली. चाचांनी पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

काही नाही. त्यांनी दुसरा कान लावला. त्यांचा चेहरा उतरत गेला आणि मला वाटलं, हे इंजिन झालंच नसतं तर बरं होतं. इतकी मेहनत आणि ज्याला ऐकायचं, त्यालाच ऐकू येऊ नये! मी इंजिन बंद करायला हात पुढं केला.

चाचांचा पंजा वर गेला.

त्यांनी पेचकसाची लाकडी मूठ दातांत घट्ट धरली, टोक पुन्हा इंजिनावर टेकवलं आणि डोळे मिटून वाकून उभे राहिले. मग मूठ तोंडातून काढून ते एवढ्या मोठ्यानं बोलले, की वेल्डर दचकला.

"पीछे का नट ढिला हाय!"

मी पाना लावून पाहिला. मागचा नट अर्धा फेरा ढिला होता.

तो नट मी रडतच आवळला. चाचा मात्र हसत होते. "कान गया तो क्या, हड्डी सुनती! लई साफ बोलती, बेटा." पुढच्या आठवड्यात ते इंजिन एका जुन्या मोपेडवर बसवून ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले, छाती काढून, रस्त्यात कुणी नसताना हॉर्न वाजवत. सिलिंडर माझ्या हातचा होता, हे मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं. अजूनही सांगते.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. घरच्यांनी मोपेड मला दिली. मी म्हटलं, पेचकसही द्या.

दर सोमवारी दुकान उघडलं की मी आधी ते इंजिन चालू करते. वेल्डर काही बोलायला लागला की पंजा वर करते आणि मूठ दातांत धरते. लाकडावर चाचांच्या दातांच्या खुणा आहेत. त्यांत माझे दात बसत नाहीत, पण आवाज साफ येतो.